यूडीआयडीवर टक्के आहेत, मग हे ‘एफ४६’ काय?

पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये ४ सप्टेंबर २०२४ ला सांगली जिल्ह्यातल्या सचिन खिलारीने १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्य घेतलं. त्याचा गट एफ४६. एफ म्हणजे फेकीचे खेळ; धावणं टीमध्ये, आणि लांब उडीसुद्धा टीमध्येच (का ते विचारू नका). ४६ म्हणजे हाताची मर्यादा.

आता पिंगळीत बसून फोनवर यूडीआयडीचा अर्ज भरता येतो. तपासणीला मात्र सरकारी दवाखाना गाठावाच लागतो. कार्डावर टक्के येतात. ४० किंवा जास्त असले की आरक्षणाला पात्र.

मैदानात हे टक्के चालत नाहीत. तिथे तज्ज्ञ स्वतः बघतात: ताकद किती, सांधा किती वळतो, हाताची लांबी किती. मग प्रत्यक्ष खेळतानाही बघतात. प्रत्येक खेळाचे नियम वेगळे, त्यामुळे एकच मुलगा एका खेळात पात्र आणि दुसऱ्यात अपात्र ठरू शकतो.

ही तपासणी बहुतेक वेळा स्पर्धेच्या ठिकाणीच होते. म्हणजे गट कळायच्या आधीच पिंगळीच्या पोराला प्रवासाचा खर्च! २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ३० खेळातल्या सहभागाची जबाबदारी सरकारवर टाकतं. मग पहिली चाळणी परभणीतच, व्हिडिओ कॉलवर करायला काय हरकत आहे? अंतिम गट तज्ज्ञांनीच ठरवावा.