विहीर आणि शोषखड्डा

पवारांच्या संस्थानांमुळे धार आणि देवास ही माळव्यातील शहरे मराठी माणसाला परकी नाहीत. त्याच देवासला १९९० साली आगगाडीने पाणी पुरवावे लागले. पाण्याचे दुर्भिक्ष झाले, की माणूस मिळेल ते पितो. आमांशाच्या अमिबाला तेवढीच संधी पुरते. हा एकपेशी जीव चार केंद्रकांच्या कवचबंद पुटीच्या रूपाने पोटात शिरतो, आतड्यात कवच टाकून वाढतो आणि, २०१४ साली शास्त्रज्ञांनी दाखविल्याप्रमाणे, जिवंत पेशींचे लचके तोडून त्यांना मारतो. नव्या पुटी विष्ठेवाटे बाहेर पडतात. ज्याला काहीच त्रास नाही असा माणूसही त्या पसरवीत असतो. म्हणून केवळ रोग्याला औषध देऊन हे चक्र तुटत नाही. नळाच्या पाण्यातील नेहमीच्या क्लोरीनलाही पुटी दाद देत नाही; उकळीपुढे मात्र ती टिकत नाही.

आमच्या किनारपट्टीवर पाऊस उदंड आहे, म्हणून आम्ही निर्धास्त राहावे काय? मुळीच नाही. सच्छिद्र जांभ्यातून घाण पाणी सहज झिरपते आणि शोषखड्डे विहिरींना खेटूनच खणले जातात. घराचा परवाना देण्यापूर्वी पंचायतींनी हे अंतर जातीने मोजावे, एवढेच आमचे मागणे आहे.