शिकारीचे मांस आणि यजमानाचे उत्तरदायित्व

सन २०२२ च्या जुलै महिन्यात अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या आरोग्यखात्याकडे एका तरुणाची माहिती आली. त्याला ताप होता, स्नायूंत तीव्र वेदना होत्या, डोळ्यांभोवती सूज होती आणि रक्तातील इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या होत्या. चौकशीअंती असे कळले की, थोड्याच दिवसांपूर्वी साउथ डकोटा राज्यात भरलेल्या एका कुटुंबमेळाव्यात त्याने काळ्या अस्वलाच्या मांसाचे कबाब खाल्ले होते. कॅनडातील सस्कॅचवान प्रांताच्या उत्तर भागात कुटुंबातीलच एकाने ते अस्वल मारले होते. मेळाव्यास आलेल्या नऊ जणांपैकी सहा जण आजारी पडले. त्यांत बारा वर्षांचे एक मूलही होते. तिघांना रुग्णालयात ठेवावे लागले.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने अस्वलाच्या शिकारीस मनाई आहे. तेव्हा हा प्रसंग आपल्या स्वयंपाकघरातला नव्हे. तरीही तो मराठी वाचकापुढे ठेवावासा वाटतो, कारण त्या कुटुंबाने निष्काळजीपणा केला होता असे सरळ म्हणता येत नाही. शिकारीची व्यवस्था लावणाऱ्या व्यावसायिकानेच परोपजीवी कृमी मरावेत म्हणून मांस गोठवून ठेवण्याचा सल्ला दिला होता, आणि त्याप्रमाणे ते तब्बल ४५ दिवस गोठवून ठेवलेले होते.

हा सल्ला निराधार नव्हता. ट्रिकिनेला या वंशाचे कृमी फार पूर्वीपासून ज्ञात आहेत. १८३५ साली लंडनमध्ये जेम्स पॅजेट या वैद्यकाच्या विद्यार्थ्याला शवविच्छेदनात ते मानवी स्नायूंत आढळले. या कृमीच्या अळ्या जनावराच्या स्नायूंत सूक्ष्म कोशात पडून असतात. तसे मांस कच्चे वा अर्धकच्चे खाल्ले म्हणजे जठररसाने कोश विरघळतो, अळ्या लहान आतड्यात वाढतात, तेथे माद्या नव्या अळ्यांना जन्म देतात आणि त्या अळ्या रक्तावाटे खाणाऱ्याच्या स्नायूंत जाऊन बसतात. डुकरांत सामान्यतः जी जाती आढळते, ती गोठवल्याने मरते. सहा इंचांहून कमी जाडीचे डुकराचे मांस उणे १५ अंशांत तीन आठवडे ठेवले तर ते या कृमींपासून सुरक्षित होते, हा नियम बरोबर आहे. परंतु उत्तरेकडील अस्वलांत आढळणारी ‘ट्रिकिनेला नेटिव्हा’ ही जाती थंडीतच नांदलेली. या प्रकरणातील उरलेले मांस १५ आठवड्यांहून अधिक काळ गोठलेले असताना तपासले, तेव्हाही सूक्ष्मदर्शकाखाली अळ्या हालचाल करताना दिसल्या.

म्हणजे नियम खरा होता, पण तो डुकराचा होता. अस्वलाला लावल्यावर तो खोटा ठरला. माझ्या मते, निव्वळ अज्ञानापेक्षा असे उसने ज्ञान अधिक घातक असते, कारण ज्याला काहीच ठाऊक नाही तो निदान घाबरून मांस नीट शिजवील. ज्याच्यापाशी नियम आहे तो निर्धास्त राहतो. त्यातून अस्वलाचे मांस मुळातच काळसर, त्यामुळे ते शिजले की नाही हे रंगावरून कळेना. काहींनी खायला आरंभ केल्यावर ते कच्चे असल्याचे ध्यानात आले आणि ते पुन्हा भाजण्यात आले. उष्णतामापक टोचून आतले उष्णतामान ७४ अंश झाले आहे एवढे पाहिले असते, तर ४५ दिवसांच्या गोठवणीने जे साधले नाही ते काही मिनिटांत साधले असते.

शिकारी लोकांचे यावर एक ठरलेले उत्तर असते. रानातले मांस शुद्ध, त्याला ना औषधे टोचलेली ना कृत्रिम खाद्य घातलेले, आणि धोका असलाच तर तो आमचा आम्ही पत्करतो. शुद्धतेविषयीचे म्हणणे कृमींना लागू नाही, हे वर आलेच. दुसरे म्हणणे मात्र मला अधिक आक्षेपार्ह वाटते. त्या सहा रुग्णांपैकी दोघांनी अस्वलाचे मांस खाल्लेच नव्हते. मांसाबरोबर शिजविलेल्या भाज्या तेवढ्या त्यांनी खाल्ल्या होत्या. मराठीत ‘शिकार’ हा शब्द मारण्याच्या क्रियेलाही लावतात आणि मारलेल्या जनावरालाही. येथे तो पंगतीला बसलेल्या माणसांनाही लावावा लागतो. धोका पत्करण्याचा हक्क स्वतःपुरता असतो. पाहुण्याच्या ताटात तो वाढता येत नाही.

यावर बंदी हाच उपाय आहे असे नाही. कॅनडाच्याच नुनाव्हिक प्रदेशातील इनुइट लोक वॉलरसचे मांस आवडीने खातात, आणि ते कच्चे किंवा आंबवूनही खातात. वॉलरसमध्येही हाच कृमी असतो. तेव्हा शिजवा असे सांगणे म्हणजे त्यांचे अन्नच बदला असे सांगणे होय. तेथे १९९० च्या दशकात निराळी रीत घालण्यात आली. शिकार झाली की प्राण्याच्या जिभेचा नमुना कूजुआक येथील प्रयोगशाळेकडे जातो, पेप्सिन व आम्ल यांच्या साहाय्याने तो विरघळविला जातो आणि उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला जातो. निकाल गावाला कळेपर्यंत मांसाचे वाटप थांबते. अळ्या सापडल्या तर ते मांस कोणाच्याही घरी जात नाही, मग शिकारी कितीही नावाजलेला असो.