पहिल्या ओळीच्या आधी

गेल्या श्रावणात निमगाव केतकीहून धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, हा कॉलेज सोडून दुकानात बसतो म्हणतोय. प्रोग्रॅमिंग आपल्याला जमणार नाही, असं त्याच्या मनानं घेतलंय." भाचा बारामतीच्या एका महाविद्यालयात संगणक विषयाच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला. पहिली दोन वर्षे चांगल्या गुणांनी पार पाडलेला मुलगा तिसऱ्या वर्षी एकाएकी खचतो, हे मनाला पटेना. रविवारी मी बारामतीहून इंदापूरची एसटी धरली.

त्याच्या शेजारी बसल्यावर उलगडा झाला. मोबाइल ॲप तयार करण्याचा विषय सुरू होऊन तीन आठवडे लोटले होते आणि तेवढ्या अवधीत घरच्या लॅपटॉपवर त्याने प्रोग्रॅमची एक ओळही लिहिली नव्हती. लिहिण्यापर्यंत तो पोहोचलाच नव्हता. ज्या सामग्रीवर हे काम चालते ती सामग्रीच उभी राहत नव्हती, आणि पडद्यावर रोज उमटणाऱ्या तांबड्या अक्षरांचा अर्थ त्याने एकच लावला होता : आपली बुद्धी कमी.

अँड्रॉइड फोनसाठी ॲप करायचे तर 'अँड्रॉइड स्टुडिओ' हे सॉफ्टवेअर लागते. गूगलने २०१३ मध्ये त्याची घोषणा केली आणि २०१४ च्या डिसेंबरमध्ये पहिली पक्की आवृत्ती आली. त्यापूर्वी 'एक्लिप्स' आणि त्याची जोडणी वेगवेगळी आणून बसवावी लागे. ते अधिकच जिकिरीचे होते. स्टुडिओ विनामूल्य आहे, परंतु त्याची भूक मोठी. मूळ सॉफ्टवेअरच सुमारे एक जीबीचे. त्यानंतर एसडीके नावाचा साधनसंच, आणि पहिला प्रकल्प उघडताच 'ग्रेडल' नावाचा कारभारी स्वतःसाठी आणखी कितीतरी फायली इंटरनेटवरून मागवू लागतो. आमच्या भाच्याकडे होते फोनचे इंटरनेट, दिवसाला दीड जीबी. ते संपले किंवा वीज गेली की फाइल अर्धवट राही. दुसऱ्या दिवशी ग्रेडल त्याच अर्धवट फाइलला पूर्ण समजून उघडू पाहे आणि पुन्हा तांबडी अक्षरे. ते अर्धवट फोल्डर पुसून नव्याने सुरुवात करायची असते, एवढेच त्याला कोणी सांगितले नव्हते.

दुसरा दोष माझा. हा लॅपटॉप मीच घेऊन दिला होता, ४ जीबी रॅमचा. दुकानदार म्हणाला, "विद्यार्थ्याला भरपूर झाला," आणि मी विश्वास ठेवला. स्टुडिओसाठी ८ जीबी ही किमान गरज आहे. संगणकाच्या आत खोटा फोन चालवणारा 'इम्युलेटर' वापरायचा तर १६ जीबी हवी. एवढ्यावर माझी कामगिरी संपत नाही. लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना मी कौतुकाने वापरकर्त्याचे नाव मराठीत टाइप केले होते. विंडोजने त्याच नावाचे फोल्डर केले आणि आतील प्रत्येक फाइलच्या पत्त्यात देवनागरी अक्षरे आली. अशा पत्त्यावर ही साधने अडखळतात. आपल्या लिपीला अजून असा उंबरठा ओलांडावा लागतो याची खंत वाटली. पण ॲपच्या आत मात्र मराठी निर्वेध चालते, हेही सांगितले पाहिजे.

१९६२ मध्ये अनेकांत एज्युकेशन सोसायटीने बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय सुरू केले आणि परिसरातील मुलांची पुण्याची वाट जवळ आली. १९७२ मध्ये विद्या प्रतिष्ठान स्थापन झाले. पुढे माहिती तंत्रज्ञानाचे शिक्षणही गावात आले. इंदापूर तालुक्यातील मुलगा आज सणसर-काटेवाडीमार्गे एसटीने वर्गात जाऊन बसतो. शिक्षण दाराशी आणण्याचे काम त्या पिढीने केले. घरातली ही मांडामांड मात्र कोणत्याही संस्थेच्या हातची नाही. ती घरानेच करावयाची आहे, आणि घराला तिचा पत्ताच नसतो.

आम्ही काय केले ते सांगतो, कारण कोणाला उपयोगी पडेल. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील शिक्षकांना विचारून तेथील चालू संगणकावरून स्टुडिओची फाइल, एसडीकेचे फोल्डर आणि ग्रेडलचा साठा पेन ड्राइव्हवर घेतला. त्यांनी आनंदाने दिला. तीन आठवड्यांत कोणी मागितलाच नव्हता. लॅपटॉपवर रोमन अक्षरांतील नावाचे नवे खाते काढले. रॅमची ८ जीबीची पट्टी वाढवली. ही सोय प्रत्येक यंत्रात नसते; अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम आतच जोडलेली असते, म्हणून खरेदीच्या वेळीच हा प्रश्न विचारावा. आणि हार्ड डिस्कऐवजी एसएसडी असलेलेच यंत्र घ्यावे, नाहीतर मुलाचा निम्मा वेळ वाट पाहण्यात जातो.

इम्युलेटरचा नाद सोडला. खरा फोन हाताशी असताना खोट्याची गरज नाही. फोनच्या सेटिंगमध्ये 'बिल्ड नंबर' या ओळीवर सात वेळा बोट टेकवले की 'डेव्हलपर ऑप्शन्स' उघडतात. तेथे 'यूएसबी डिबगिंग' चालू करायचे आणि फोन संगणकाला जोडायचा. येथेही अर्धा तास गेला. सगळे बरोबर असून संगणकाला फोन दिसेना. शेवटी लक्षात आले की केबल केवळ चार्जिंगची होती, माहिती वाहून नेणारी नव्हे. शेजारच्या मोबाइल दुकानातून दुसरी आणली.

रात्री नऊच्या सुमारास ग्रेडलने पहिल्यांदा कुरकुर न करता काम पुरे केले आणि बहिणीच्या फोनवर एक पांढरा पडदा उघडला. त्यावर इंग्रजीतील ठरावीक अभिवादन होते. भाच्याने ती ओळ पुसून तेथे आपल्या किराणा दुकानाचे नाव मराठीत लिहिले, पुन्हा चालवले आणि फोन वडिलांच्या हाती दिला.

दाजींनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिले. "यातलं विकत काय आणलंत?" त्यांनी विचारले.

"रॅमची पट्टी आणि एक केबल," भाचा म्हणाला. "बाकी सगळं फुकट होतं."

पेन ड्राइव्ह मी परत मागितला, तर तो मिळाला नाही. वर्गातल्या लासुर्ण्याच्या मुलाने नेला होता.