बंदुकीवांचून शिकार

गेल्या हिवाळ्यांत आमच्या इष्टमित्रांनीं श्रीगोंद्याकडील माळावर दोन दिवस काढण्याचा बेत केला व त्यांत आम्हांसही ओढलें. रानांतील मुक्काम दोन दिवसांचा. पण त्याची खरेदी तीन आठवडे चालली. घोट्यावर येणारे बूट, चट्ट्यापट्ट्यांचीं हिरवीं जाकिटें, दुर्बिणी, घडीच्या खुर्च्या, कपाळास बांधावयाचे दिवे, तोफेच्या नळीएवढें भिंग लावलेले दोन क्यामेरे, आणि हें सर्व वाहून नेण्यास चारही चाकांना जोर असलेली जीप! अंगणांत मांडलेलें तें सामान पाहून आम्हांस जुन्या साहेबलोकांच्या शिकारीच्या तळाची आठवण झाली. उणीव होती ती फक्त बंदुकीची. आणि तेवढ्या एका उणिवेच्या बळावर ही सारी मंडळी स्वतःस निसर्गाचे मित्र म्हणवीत होती. आम्हीही त्यांच्याच पंगतीस बसलों होतों, हें आरंभींच कबूल करणें बरें. बंदूक नसली कीं शिकार नाहीं, हा समज सुशिक्षित कुटुंबांत सध्यां दृढ झाला आहे. तो खोटा आहे, आणि त्याची किंमत माळ, माळावरचीं जनावरें व माळावरचीं माणसें भरीत आहेत, एवढेंच आम्हांस येथें सांगावयाचें आहे.

अहिल्यानगर जिल्ह्याचा हा दक्षिण भाग पर्जन्यछायेचा. श्रीगोंद्याच्या दक्षिणेस भीमा, पश्चिमेकडे घोड. पेडगांवास भीमेच्या कांठीं जुना किल्ला, श्रीगोंद्यांत शेख महंमदांची समाधि. जेथें कालव्याचें पाणी पोंचलें तेथें ऊस व लिंबाच्या बागा उभ्या राहिल्या; जेथें पोंचलें नाहीं तेथें माळ राहिला. ह्या माळास आपण पडीक म्हणतों. पवन्या, मारवेल, कुसळी ह्यांसारख्या गवतांवर काळवीट, लांडगा, खोकड, चंडोल व धाविक ह्यांचा जो संसार चालतो, तो ह्या 'पडीक' शब्दांत मावत नाहीं. झाडी असली तरच रान, ही आमची समजूत इतकी खोल गेली आहे कीं, माळ सुधारावयाचा म्हणजे त्यावर गिरिपुष्पाच्या रांगा लावावयाच्या असें पुष्कळ दिवस चालत आलें. गवतावर जगणाऱ्या पांखरास झाडांची सांवली म्हणजे घर हिरावणारी भिंत होय, हें लावणाऱ्याच्या ध्यानीं आलें नाहीं.

१९७९ सालीं माळढोक पक्ष्याकरितां सोलापूर व त्या वेळचा अहमदनगर ह्या दोन जिल्ह्यांत अभयारण्य जाहीर झालें. श्रीगोंदें व कर्जत हे तालुके त्यांत होते. कागदावर त्याचें क्षेत्र सुमारें ८,४९६ चौरस किलोमीटर भरत असे. एवढ्या मुलखांत गांवें, शेतें, कारखाने, सर्वच आलें. तेव्हां तें पुढें सुमारें १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणावें लागलें. मध्यंतरीं माळ नांगरला गेला, विजेच्या तारा आल्या, आणि माळढोक महाराष्ट्रांत केवळ नांवापुरता उरला. शेजारच्या कर्जत तालुक्यांत रेहेकुरी येथें १९८० सालीं काळविटांसाठीं अभयारण्य झालें; त्याचें क्षेत्र २.१७ चौरस किलोमीटर. म्हणजे एका बाजूस राखतां न येण्याइतका मोठा कागद, व दुसऱ्या बाजूस तासाभरांत ओलांडतां येईल एवढी जागा. ह्या दोहोंच्या मध्यें जीं हरणें उघड्या माळावर राहतात, त्यांस राखणारें दुसरें कोणी नाहीं. त्यांचें रक्षण पाहुण्यांच्या सभ्यतेवर अवलंबून आहे.

ती सभ्यता आम्हीं त्या सकाळीं स्वतः पाहिली. सूर्य वर येत होता. काळविटांचा एक कळप दूर चरत होता. पहिलीं दहा मिनिटें सर्वांनीं श्वास रोखून पाहिलें. मग कोणी म्हणालें, "चित्र लहान येतें, जरा जवळ घ्या." गाडी बैलगाडीची चाकोरी सोडून गवतांत शिरली. कळप उठला, गाडी वळली, कळप पुन्हां उठला. तिसऱ्या खेपेस जनावरें उधळलीं, आणि तीं ज्या उड्या मारीत पळालीं त्याच चित्रांस घरीं परतल्यावर सर्वांत अधिक वाहवा मिळाली. कळप गेल्यावर गवतांत एक पाडस दबून पडलेलें दिसलें. काळविटाची मादी पिलास गवतांत दडवून चरावयास जाते, व धोका टळला म्हणजे परत येते. ती आली कीं नाहीं हें पाहावयास कोणीही थांबलें नाहीं. ऊन चढूं लागलें होतें, आणि न्याहारी निवत होती. आम्हीं तोंड उघडलें नाहीं. शिष्टाचार आड आला. हा लेख म्हणजे त्या न उघडलेल्या तोंडाचें प्रायश्चित्त होय, असें कोणी म्हटल्यास आम्ही नाकारणार नाहीं.

आतां कायदा पाहूं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत शिकारीची व्याख्या केली आहे. मारणें व विष घालणें तीत आहेच. पण पकडणें, पाठलाग करणें, फासा लावणें, सांपळा लावणें, हाकणें, आमिष दाखविणें, आणि हीं करण्याचा प्रत्येक प्रयत्न, हें सर्व तिच्यांत येतें. काळवीट ह्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत आहे. वाचकांनीं 'फासा' आणि 'हाकणें' हे दोन शब्द एकाच वाक्यांत शेजारीं शेजारीं बसले आहेत इकडे लक्ष द्यावें. ज्यानें फासा लावला तो गुन्हेगार, हें लहान मूलही सांगेल; पण ज्यानें जीप घालून कळप हाकला त्यास आपण छंदी म्हणतों, आणि त्याचें चित्र चौकट करून दिवाणखान्यांत लावतों.

जुन्या शिकाऱ्यांची आम्ही तरफदारी करीत नाहीं. त्यांनीं काय केलें तें देशास ठाऊक आहे: भारतांतून चित्ता नाहींसा झाल्याचें १९५२ सालीं जाहीर करावें लागलें. पण कोल्हापूर संस्थानांत पाळीव चित्त्यांकरवीं काळविटांची शिकार होई, तींतही एक मर्यादा होती. चित्ता डोळ्यांवर टोपडें घालून गाडीनें कळपाजवळ नेत व सोडीत. पहिल्या धांवेंत हरीण सांपडलें नाहीं तर चित्ता दमून बसे आणि हरीण सुटे. जीप दमत नाहीं, हाच तिचा दोष. शाकुंतलाच्या पहिल्या अंकांत दुष्यंत रथांत बसून कृष्णसाराच्या, म्हणजे आपल्या काळविटाच्याच, पाठीस लागतो. तपस्वी हात वर करून त्यास थांबवितो. आणि राजा चढविलेला बाण उतरवितो. आम्हीं हा अंक वर्षानुवर्षें वर्गांत शिकविला. राजानें बाण उतरविला ह्याची वाखाणणी केली. मात्र बाण उतरविण्याआधींच तो रथही थांबला होता, हें आमच्या ध्यानांत त्या सकाळपर्यंत आलें नव्हतें.

सामानाविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. कारण दुकानदार जें विकतो त्यांतील बरेंचसें ह्या मुलखासाठीं नव्हेच. हिरव्या चट्ट्यापट्ट्यांचें जाकीट घनदाट अरण्यांतलें. मार्गशीर्षाच्या पिंवळ्या गवतांत तें दुरून उठून दिसतें. जुनें मातकट सुती कापड त्याहून चांगलें. जाळीदार कापडी बुटांत कुसळें शिरतात व चालणें अशक्य करितात; मेंढपाळाची जाड कातडी वहाण तीं थोपविते. दुर्बीण मात्र घ्यावी, पण आंकडा पाहून भुलूं नये. ८×४२ ह्यांत आठ म्हणजे मोठेपणा व बेचाळीस म्हणजे पुढील भिंगाचा मिलिमीटरांतील व्यास. दुसऱ्यास पहिल्यानें भागलें म्हणजे डोळ्यास मिळणारा प्रकाशाचा झोत येतो, तो येथें सव्वापांच मिलिमीटर. दहापट दुर्बिणींत तोच ४.२ वर येतो, आणि हाताचा कंपही त्या प्रमाणांत मोठा दिसतो. शिवाय दहा वाजल्यानंतर माळावरची हवा थरथरूं लागते. मग कितीही मोठें भिंग असो, तें मृगजळच मोठें करून दाखवितें. म्हणजे पहाटे उठावें, पायीं चालावें व एका जागीं बसावें, ह्या तीन गोष्टींस पर्याय म्हणून जें विकलें जातें, तेंच सर्वांत महाग व सर्वांत निरुपयोगी असतें. एक साधी दुर्बीण, एक घोंगडी, पाण्याचें भांडें व एक वही एवढ्यावर ह्या माळाची उत्तम ओळख होते.

ह्या माळाची खरी ओळख ज्यांस होती त्यांचें काय झालें? श्रीगोंदें व कर्जत ह्या भागांत पारध्यांची वस्ती जुनी आहे. खुर पाहून जनावर नर कीं मादी, चरत गेलें कीं भ्यालें होतें, हें सांगणारी विद्या त्यांच्या घरांत पिढीजात होती. १८७१ च्या कायद्यानें इंग्रज सरकारनें देशांतील कांहीं जमातींस जन्मतः गुन्हेगार ठरविण्याची वाट पाडली, व तिच्यांत पुढें पारधीही भरडले गेले. १९५२ सालीं तो कायदा गेला. पण फौजदाराच्या व गांवाच्या मनांतून तो गेला नाहीं. वन्यजीवांच्या कायद्यानें फासा बंद केला, तें योग्यच झालें. परंतु फाशाबरोबर ती विद्याही निरुपयोगी ठरविली, आणि तिच्या जागीं दुसरी भाकरी दिली नाहीं. कोल्हापुरास शाहूमहाराजांनीं फासेपारध्यांस आपल्या चाकरींत पहाऱ्यावर घेतलें होतें. गुन्हेगार म्हणून ज्यांची हजेरी घेतली जाई त्यांच्याच हातीं राखण देण्याचें हें धैर्य, पुढें किती जणांनीं दाखविलें?

येथें तीन आक्षेप येतील. पहिला असा कीं, चित्र घेतल्यानें प्राणी मरत नाहीं. बरोबर; पण थंडीच्या सकाळीं चरण्याची वेळ पळण्यांत गेली, पिलूं कुत्र्यांच्या नजरेस पडलें, विणीचें पांखरूं अंड्यांवरून उठलें, तर मरण थोडें उशिरा व आपल्या नजरेआड येतें इतकेंच. दुसरा असा कीं, पाहुण्यांमुळें खेड्यांस पैसा मिळतो. मिळावाच, परंतु तो पुण्याच्या दुकानास व जीपवाल्यास आधीं मिळतो, आणि वाट दाखविणाऱ्याच्या हातीं शेवटीं चहाचे पैसे पडतात. तिसरा आक्षेप असा कीं, मुलांस निसर्गाची गोडी लागते. ह्याच आक्षेपाचें आम्हांस भय वाटतें. जीपमध्यें बसून कळप उधळलेला पाहणारें मूल निसर्गाची गोडी शिकत नाहीं. हवें तें हवें तेव्हां जवळ आणतां येतें, हा हक्क तें शिकतें. मुंबईची निसर्ग-इतिहासाची संस्था १८८३ सालीं निघाली, तेव्हां तिच्यांतही बंदूकवाले होते. पण पाहिलेलें टिपून ठेवण्याची शिस्त त्यांनीं स्वतःस लावून घेतली, आणि त्या टिपणांतून शास्त्र उभें राहिलें. आमच्या हजारों चित्रांतून काय उभें राहिलें आहे?

आमचें मागणें मोठें नाहीं. माळावर चाकोरी सोडून गाडी घालूं नये. जनावरानें चरणें थांबवून मान वर केली कीं आपण जास्त जवळ आलों असें समजावें व तेथेंच थांबावें. रात्रीं दिव्याचा झोत टाकूं नये. आणि वाट दाखवावयास तेथील माणूस, शक्य तर पारध्याच्या घरचा, घ्यावा व जीपच्या भाड्याइतकी त्याच्या विद्येची किंमत द्यावी. ज्यांना हें जाचक वाटेल त्यांनीं घरीं बसून दुसऱ्यानें घेतलेलीं चित्रें पाहावीं. माळाचें त्यांत कांहींच नुकसान नाहीं.

राहिली आमची स्वतःची गोष्ट. येत्या हिवाळ्यांत त्याच मंडळीचा पुन्हां बेत ठरत आहे व खरेदीची यादी आमच्याकडेही आली आहे. आम्ही जाणार आहों. पण जीप वेशीवरच उभी राहणार असेल तर, आणि ह्या खेपेस तोंड उघडण्याचें ठरवून.