हरायलासुद्धा एक संघ लागतो

2024 च्या आयपीएलमध्ये मुंबई इंडियन्स चौदापैकी दहा सामने हरले आणि दहा संघांत दहावे आले. त्या दोन महिन्यांत नांदेडच्या वजिराबादपासून लातूरच्या गंजगोलाईपर्यंत एक पानटपरी अशी नव्हती जिथं हार्दिक पांड्याचा उद्धार झाला नाही. "रोहितला कामून काढलं?" हा प्रश्न दुष्काळ, पीकविमा आणि लोकसभेची निवडणूक या तिन्हींपेक्षा जास्त चघळला गेला. वानखेडेवर तर लोकांनी स्वतःच्याच कॅप्टनची हुर्यो उडवली. त्यातल्या निम्म्या लोकांनी आयुष्यात वानखेडे बघितलेलं नसेल, पण हरलेले ते आपले, म्हणून राग आपला.

आता एक प्रश्न. 2013 साली मुंबईचा आणखी एक व्यावसायिक संघ लीगच्या तळाला गेला होता. त्याचं नाव सांगा.

नाही ना येत? गुगल करू नका, मी सांगतो. मुंबई मॅजिशियन्स. हॉकी इंडिया लीगचा पहिला हंगाम, पाच संघ, आणि त्यात पाचवे आपण. कोच कोण होता माहितीय? रिक चार्ल्सवर्थ. ऑस्ट्रेलियाचा हा माणूस म्हणजे हॉकीतलं विद्यापीठ. कॅप्टन संदीप सिंग, ज्याच्यावर पुढं 'सूरमा' सिनेमा निघाला. त्या हंगामात सगळ्यात जास्त गोल याच संदीप सिंगनं केले होते. म्हणजे बघा, सर्वाधिक गोल करणारा आपला, जगातल्या नावाजलेल्या कोचपैकी एक आपला, आणि संघ शेवटचा!

हंगाम सुरू होतानाच या संघाचा पाय मोडला होता हे खरंय. जानेवारी 2013 मध्ये सीमेवर ताण वाढला, महिंद्रा स्टेडियमवर निदर्शनं झाली आणि लीगमधले नऊच्या नऊ पाकिस्तानी खेळाडू परत पाठवण्यात आले. त्यातले चार एकट्या मुंबईचे होते. स्पर्धा तोंडावर असताना चार जण गेल्यावर संघ उभा कसा राहणार? त्या निर्णयावर मत काहीही असो, पण निदर्शनं करणाऱ्यांपैकी कितीजण नंतर तिकीट काढून त्याच मैदानावर उरलेल्या पोरांना टाळ्या वाजवायला गेले, हे मला विचारायचंय.

पण हे कारण एका हंगामाला पुरतं. 2014 मध्येही मुंबई उपांत्य फेरीत नाही. मग जादूगारांनी त्यांची एकमेव यशस्वी जादू करून दाखवली, संघच गायब केला. नवा मालक आला, नवं नाव आलं, दबंग मुंबई. 2015 मध्ये उपांत्य फेरी नाही, 2016 मध्ये नाही. चार हंगाम, दोन नावं, आणि पहिल्या चारांत एकदाही नाही. 2017 मध्ये कुठं गाडी रुळावर आली, मुंबई अंतिम सामन्यात पोचली, चंदीगडला कलिंगा लान्सर्सकडून हरली. आणि त्यानंतर लीगच बंद पडली, ती थेट सात वर्षांनी उघडली.

या पाच वर्षांत महाराष्ट्रात कुणी एक टीव्ही फोडला नाही. कुणी फोडावा असं नाही म्हणत मी, टीव्ही महाग झालेत. पण कुणाच्या घरी जेवण कडू लागलं नाही, कुठल्या कट्ट्यावर भांडण झालं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की त्या संघाचा खरा पराभव गुणतक्त्यात नव्हता, तो या शांततेत होता. आणि ही शांतता लोकांनी निर्माण केलेली नाही. मालकांनी, संघटनांनी आणि सरकारनं मिळून तयार केलेली आहे.

"अहो, मराठी माणसाला हॉकी कळतच नाही" हे वाक्य मुंबईत बसून बोलणारे पुष्कळ आहेत. त्यांना हात धरून नांदेडला आणायला पाहिजे. इथं गुरू गोविंदसिंघजींच्या नावानं अखिल भारतीय गोल्ड अँड सिल्व्हर कप हॉकी स्पर्धा होते, जवळपास पन्नास वर्षांची परंपरा आहे तिला. खालसा हायस्कूलच्या मैदानावर पंजाबपासून हैदराबादपर्यंतचे संघ येतात, पोलीस येतात, रेल्वेवाले येतात, लष्करातले येतात. हिवाळ्याच्या उन्हात कडेनं माणसं उभी असतात. पगडीवाले सरदारजी असतात, त्यांच्या बाजूला उस्मानशाही मिलच्या काळातले म्हातारे असतात, शाळा बुडवून आलेली पोरं असतात. पेनल्टी कॉर्नर मिळाला की काय होणार हे त्या पोरांना तोंडपाठ असतं. हॉकी इंडिया लीग चालायची तीही याच थंडीच्या दिवसांत, जानेवारी-फेब्रुवारीत. म्हणजे महाराष्ट्राचा व्यावसायिक हॉकी संघ चर्चगेटला मान खाली घालून चालला होता, तेव्हा त्याचा खरा प्रेक्षक नांदेडला धुळीत उभा होता. दोघांच्या मध्ये एका रात्रीचा नंदीग्राम एक्सप्रेसचा प्रवास. तो कुणी केला नाही. ना संघानं इकडं यायचा, ना आपल्याला तिकडं बोलवायचा.

एक प्रदर्शनीय सामना खेळायला काय जात होतं? चार दिवस सरावाला येऊन पोरांना स्टिक कशी धरायची ते दाखवायला किती खर्च आला असता?

तुलना करायचीच तर कबड्डीशी करा. प्रो कबड्डीच्या पहिल्या हंगामात, 2014 ला, पुणेरी पलटण आठ संघांत आठवी. दुसऱ्या हंगामात पुन्हा आठवी. म्हणजे मॅजिशियन्सपेक्षा वाईटच म्हणा ना. पण पलटण गायब झाली नाही. नाव तेच राहिलं, शहर तेच राहिलं, तरुण पोरांची फळी खाली तयार होत राहिली आणि 1 मार्च 2024 ला हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला 28-25 नं हरवून त्यांनी करंडक उचलला. कॅप्टन अस्लम इनामदार, आपल्याच नगर जिल्ह्यातला. हे पैशानं झालं का? पैसा सगळ्यांकडं असतो. कबड्डीला महाराष्ट्रात गावोगाव मैदान आहे, मंडळ आहे, संध्याकाळी लाईट लावून खेळणारी पोरं आहेत. दहा वर्षं पराभव पचवायला खाली ती जमीन होती. हॉकीच्या संघाला तशी जमीन नव्हती. आणि इथं जमीन हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाहीय.

हॉकीचं सगळं भांडणच जमिनीचं आहे. 1975 ला क्वालालंपूरमध्ये भारत विश्वविजेता झाला. पुढच्याच वर्षी माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर हॉकी खेळली गेली आणि आपण थेट सातवे. एका वर्षात मनगटं विसरली नव्हती हो पोरं! मातीवर चेंडू उडतो, अडखळतो, तिथं ज्याचं मनगट आणि नजर तेज तो राजा. टर्फवर चेंडू खाली राहतो, गोळीसारखा जातो, तिथं कमरेतून वाकून सत्तर मिनिटं पळणारा राजा. आता चार क्वार्टर मिळून साठ मिनिटं, पण वेग अजून वाढलाय. मातीवर वाढलेला पोरगा अठराव्या वर्षी टर्फवर गेला की त्याला पुन्हा चालायला शिकावं लागतं. देशानं ही किंमत मोजली. 2008 ला बीजिंग ऑलिम्पिकसाठी आपण पात्रसुद्धा ठरलो नाही. 2012 ला लंडनमध्ये सहाच्या सहा सामने हरून बारावे, म्हणजे शेवटचे. तिथून टोकियो आणि पॅरिसची दोन कांस्यपदकं आली ती आकाशातून नाही पडली. देशभर टर्फ पसरले, तेव्हा आली.

नांदेडची स्पर्धा मात्र शाळेच्या त्याच मातीच्या मैदानावर चाललीय. संयोजक वर्षानुवर्षं कसं जमवतात त्यांनाच माहीत. 91.40 मीटर बाय 55 मीटर. एवढाच तुकडा लागतो हॉकीला. आपल्याकडं पुढाऱ्याच्या मुलाच्या लग्नाचा मंडप त्यापेक्षा मोठा असतो.

इथं लातूरकर लगेच म्हणणार, "टर्फला पाणी किती लागतं माहितीय का?" माहितीय. ऑलिम्पिक दर्जाचा पाण्याचा टर्फ सामन्याआधी भिजवावा लागतो, मध्यंतरात पुन्हा भिजवावा लागतो, हजारो लिटर पाणी जातं. आणि ज्या लातूरला 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाच लाख लिटर पाणी आलं, त्या लातूरला हा प्रश्न विचारायचा पूर्ण अधिकार आहे. दुसऱ्याच दिवशी उच्च न्यायालयानं 30 एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले होते, ते याच दुष्काळामुळं. तेव्हा खेळ मोठा की तहान मोठी, हे मराठवाड्याला कुणी शिकवू नये.

पण अर्धी माहिती सांगून दार लावणं ही आपल्या कार्यालयांची जुनी खोड आहे. वाळू भरलेले टर्फ असतात, त्यांना पाणी मारावं लागत नाही. शाळा-कॉलेजच्या हॉकीला जगभर तेच वापरतात. आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघ स्वतः काही वर्षांपासून बिनपाण्याच्या टर्फकडं वळायचं म्हणतोय, पॅरिसचं मैदानही कमी पाण्याचं केलेलं होतं. म्हणजे पाण्याची अडचण खरी, पण पाण्याची सबब खोटी. ज्यांना करायचं असतं ते वाळूचा टर्फ मागतात, ज्यांना करायचं नसतं ते टँकरचा हिशोब मांडतात.

दुसरी सबब, "मराठवाड्यातल्या पोरांना नोकऱ्या पाहिजेत, हॉकी नको." हे बोलणारे बहुतेक नीटच्या क्लासची होर्डिंग लावणारे असतात. लातूर पॅटर्नचा मला अभिमान आहे, माझ्या घरातली पोरंही त्याच रांगेत आहेत. पण अकरावी-बारावीच्या खोलीत चौदा तास बसणारी सगळीच पोरं डॉक्टर होत नाहीत, हे क्लासवाल्यांनाही ठाऊक आहे. आणि हॉकीत नोकरी नाही हे कोण म्हणालं? रेल्वे, पोलीस, लष्कर, पेट्रोलियम कंपन्या, गेल्या पन्नास वर्षांत हॉकीच्या स्टिकवर सरकारी नोकरीला लागलेले पंजाबातल्या, झारखंडातल्या, ओडिशातल्या गावागावांत सापडतील. नांदेडच्या मैदानावर दरवर्षी येणारे संघच मुळात नोकरीवाल्यांचे आहेत! आपली पोरं कडेला उभी राहून दुसऱ्यांच्या नोकऱ्या बघतात.

ओडिशाचं उदाहरण द्यायला नको वाटतं, कारण ते आता सगळेच देतात. तरी देतो. 2018 पासून त्या राज्यानं राष्ट्रीय हॉकी संघांना प्रायोजकत्व दिलं. सुंदरगढ हा आदिवासीबहुल जिल्हा, दिलीप तिर्कीचा. तिथं तालुक्या-तालुक्यात टर्फ टाकायचं काम सरकारनं हातात घेतलं, राउरकेलाला वीस हजार प्रेक्षकांचं स्टेडियम उभं केलं आणि 2023 चा विश्वचषक तिथं भरवला. महाराष्ट्र काय ओडिशापेक्षा गरीब आहे? आपल्याकडं तर खडकीचा धनराज पिल्ले आहे. यवतमाळचा आकाश चिकटे भारताच्या गोलमध्ये उभा राहिला, साताऱ्याची वैष्णवी फाळके भारताकडून खेळतेय. म्हणजे बी आहे, तेही विदर्भात आणि माणदेशाकडच्या कोरडवाहू भागात. नांगर फिरवायला कुणी तयार नाही.

आणि आता सगळ्यात झोंबणारी गोष्ट. डिसेंबर 2024 ला हॉकी इंडिया लीग पुन्हा सुरू झाली. पुरुषांचे आठ संघ. बंगाल, दिल्ली, हैदराबाद, कलिंगा, पंजाब-हरियाणाचा सूरमा, तामिळनाडू, गोनासिका, उत्तर प्रदेश. महाराष्ट्राचा? नाही. महिलांचे चार संघ, त्यातही नाही. म्हणजे 2013 ला निदान शेवटून पहिले होतो, आता यादीतच नाही. देशातल्या सगळ्यात श्रीमंत राज्यातल्या एकाही उद्योगपतीला, एकाही मंत्र्याला, संघटनेच्या एकाही पदाधिकाऱ्याला याची लाज वाटल्याचं वाचनात आलं नाही. विधानसभेत क्रीडा धोरणावर भाषणं होतात, मिशन ऑलिम्पिकचे फ्लेक्स लागतात, पण राज्याच्या नावानं हरायला अकरा खेळाडू मैदानात नाहीत.

संघ आला तर तो मुंबईच्या नावानं नको. महाराष्ट्राच्या नावानं पाहिजे. पहिल्या वर्षी तळाला गेला तरी चालेल, दुसऱ्या वर्षी गेला तरी चालेल. पलटणला आपण दहा वर्षं दिली, यालाही देऊ. शिव्याही देऊ, तो आमचा हक्क आहे. फक्त त्या संघानं वर्षातून आठ दिवस नांदेडला काढावेत आणि राज्यानं त्याआधी तिथं खेळता येईल असं मैदान करावं. कुठलाही आमदार, कुठलाही खासदार मनावर घेईल तर दोन अर्थसंकल्पांत होणारं काम आहे हे, आणि श्रेय कुणीही घ्या, कोनशिला कितीही मोठी लावा, आपली हरकत नाही.

शालेय खेळांत नांदेड, हिंगोली, धाराशिव हे सगळे लातूर विभागात येतात. क्रीडा उपसंचालकांचं कार्यालय लातूरलाच आहे. तेव्हा या वर्षी खालसा हायस्कूलच्या मैदानावर उद्घाटनाला साहेब येतील, फोटोसाठी स्टिक हातात घेतील, चेंडूला एक टोला मारतील, तेव्हा हार घालायच्या आधी कुणीतरी विचारा: नांदेडच्या बिनपाण्याच्या टर्फचा प्रस्ताव लातूरला गेलाय का, आणि गेला असेल तर त्याच्यावर आवक तारीख काय पडलीय?