जुनी डिझेल गाडी घेण्याआधी

पेण तालुक्यातील जोहे आणि हमरापूर ही गावे गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहेत. वर्षभर तेथे माती, प्लास्टर, काथ्या, रंग येत असतो आणि गणेशोत्सवाच्या आधीचे दोन-तीन महिने तयार मूर्ती घेऊन गाड्या मुंबईकडे धावत असतात. या हंगामात आपल्या वाड्यांतील तरुणही कामाला लागतात. कोणी चालक म्हणून, कोणी हमाल म्हणून. दोन-चार हंगाम दुसऱ्याच्या गाडीवर काढले की मनात येतेच, आपली स्वतःची एक गाडी असावी. नवा टेम्पो आवाक्याबाहेर असतो. मग नजर जाते ती लांब अंगाच्या जुन्या डिझेल गाडीवर. मागची आसने काढली की भरपूर माल बसतो, किंमतही झेपते. विकणारा म्हणतो, "दोन हंगामांत पैसे वसूल!"

या विचाराला आम्ही मुळीच नावे ठेवत नाही. पिढ्यानपिढ्या ज्यांनी दुसऱ्यांची ओझी डोक्यावर वाहिली, त्यांच्या मुलांनी गाडीचे मालक व्हावे यासारखा दुसरा आनंद नाही. परंतु गाडी स्वस्त मिळाली म्हणजे धंदा स्वस्तात मिळाला असे नव्हे. म्हणून पैसे मोजण्याआधी कोणत्या गोष्टी पाहाव्यात, ते या वेळी सांगत आहोत.

आधी एका शंकेचे उत्तर देतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घराने गणेशमूर्तींचे भाडे करावे काय, असा प्रश्न काही घरांत निघतो. आमचे मत साधे आहे. भगवान बुद्धांनी उपासकाला पाच धंदे वर्ज्य सांगितले: शस्त्रांचा, प्राणिमात्रांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा व्यापार. माल वाहून घामाचे दाम घेणे त्यात येत नाही. पूजा वेगळी आणि मजुरी वेगळी. मात्र ज्या धंद्यात आपल्या हाताने दुसऱ्याचा जीव धोक्यात जातो, त्याला सम्यक आजीविका म्हणता येणार नाही. खरा विचार करायचा तो या बाजूने.

आता गाडीकडे वळू. लांब अंगाची, मागे दार असलेली टाटा इस्टेट १९९२ साली बाजारात आली आणि सुमो १९९४ साली. या दोन्हींचे उत्पादन आता बंद झाले आहे. ट्रॅक्स ही मूळची बजाज टेम्पो कंपनीची. जर्मनीच्या डेमलर-बेन्झ कंपनीच्या ज्या इंजिनावर मर्सिडीजच्या मोटारी धावल्या, तेच इंजिन परवाना घेऊन पुण्याच्या या कंपनीने बनवले आणि ट्रॅक्समध्ये बसवले. परदेशातही अशा गाड्यांनी गरिबांची सेवा केली आहे. आफ्रिकेतील सेनेगल देशात प्यूजो कंपनीच्या जुन्या लांब गाड्या 'सात जागांची गाडी' या नावानेच ओळखल्या जातात. माणसे आत आणि बोचकी टपावर घेऊन त्या गावोगाव फिरत आल्या आहेत.

जुन्या डिझेल इंजिनाचा गुण असा की त्यात इलेक्ट्रॉनिक भानगड नाही. कमी वेगातही त्याला ओढ असते, गावातला मेस्त्री ते उघडू शकतो आणि सुटे भाग कुर्ल्याच्या बाजारात हुडकता येतात. पण घेताना विक्रेत्याच्या तोंडाकडे न पाहता गाडीकडे पाहावे. सकाळी इंजिन थंड असताना स्वतःसमोर सुरू करायला लावावे. गरम करून ठेवलेले इंजिन आपले दुखणे लपवते. ऑइल भरण्याचे झाकण काढल्यावर आतून धुराचे भपकारे येत असतील तर बॅक कॉम्प्रेशन आहे असे समजावे. निळा धूर म्हणजे ऑइल जळते. सतत काळा धूर म्हणजे डिझेल धड जळत नाही. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर मेस्त्रीला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. आपल्या खारेपाटात हवा खारी, त्यामुळे रंगाला भुलू नये. गाडी उचलून घेऊन चेसिस, पाट्यांच्या बैठका आणि ब्रेकच्या नळ्या खालून पाहाव्यात. इंजिन दुरुस्त होते, परंतु सडलेल्या चेसिसवर कितीही खर्च केला तरी तो पाण्यात जातो.

माल किती भरावा, याचा हिशेब घरच्या घरी करता येतो. ही गाडी माणसांसाठी बनवली आहे, हे ध्यानात ठेवावे. सात माणसांची गाडी असेल तर माणशी सामानासह ७५ किलो धरू. चालक आणि एक हमाल पुढे बसले म्हणजे उरली पाच माणसे. पाच गुणिले ७५ म्हणजे ३७५ किलो. पन्नास किलोची सात पोती झाली की गाडी भरली! जागा रिकामी दिसते म्हणून दहा-बारा पोती कोंबू नयेत. मागे एक जादा पाटा बसवला की गाडी वाकत नाही, हे खरे. पण पाटा वाढवल्याने ब्रेक वाढत नाहीत, एक्सल जाड होत नाही आणि टायरही नवे होत नाहीत. मूर्तींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहावी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या सूचनांनंतर मातीच्या मूर्तींचा आग्रह वाढला. शाडूची मूर्ती प्लास्टरच्या मूर्तीपेक्षा जड असते. गेल्या वर्षी जितके नग बसले तितकेच यंदा भरले, तरी वजन वाढलेले असू शकते. म्हणून नग मोजण्याबरोबर वजनही मोजावे.

टेम्पोत आणि या गाडीत एक मोठा फरक आहे. टेम्पोत चालकाच्या पाठीमागे केबिनचा पत्रा असतो. येथे काहीच नसते. ब्रेक दाबला की गाडी थांबते, पण मागचे पोते थांबत नाही. ते चालकाच्या मानेवर येते. म्हणून जड माल खाली आणि पुढच्या आसनाला भिडवून ठेवावा, हलका माल वर ठेवावा, दोऱ्या गाडीच्या लोखंडी कड्यांना बांधाव्यात आणि मध्ये मजबूत जाळी बसवावी. टपावर जड माल चढवला तर वळणावर गाडी कलंडते. पेण-वडखळ पट्ट्यातील महामार्गावर खड्डा चुकवताना गाडी एकदम वळवावी लागते, हे सर्वांना ठाऊक आहे. लांब बांबू किंवा पाइप न्यायचे म्हणून मागचे दार उघडे बांधून गाडी हाकणारेही पुष्कळ आहेत. दार उघडे राहिले की मागचा धूर आत ओढला जातो. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली जाहीर केले आहे. आपली मुले मालाबरोबर मागे बसवण्याची सवय तर आजच सोडावी.

आता कागदांचे पाहू, कारण खरी मेख तेथेच आहे. पुष्कळ जुन्या गाड्यांचे पासिंग खासगी असते, पाटी पांढरी असते. मोटार वाहन कायदा, १९८८ असे सांगतो की मालासाठी न बनवलेली गाडीही माल वाहण्यासाठी वापरली तर ती मालवाहू गाडी ठरते. आणि मालवाहू गाडीला योग्यता प्रमाणपत्र, म्हणजे फिटनेस, लागते. ते नसेल तर तिची नोंदणीच ग्राह्य धरली जात नाही. घरचे चार डबे गावाहून आणणे वेगळे आणि भाडे घेऊन कारखान्याचा माल नेणे वेगळे.

विम्याच्या कागदावरची बारीक अक्षरे कोणी वाचत नाही. खासगी मोटारीच्या विम्यात स्पष्ट लिहिलेले असते की भाड्याने वापर किंवा नमुने व स्वतःचे सामान सोडून अन्य मालाची वाहतूक केल्यास विमा लागू नाही. म्हणजे दरवर्षी हप्ता भरूनही, माल घेऊन जाताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. कधी न्यायालय जखमीला आधी कंपनीकडून पैसे देववते आणि ते पैसे गाडीमालकाकडून वसूल करण्याची मुभा कंपनीला देते. तेव्हा वसुली होते ती आपल्या घरावर आणि जमिनीच्या तुकड्यावर.

याहून वाईट अवस्था हमालाची. रीतसर मालवाहू पासिंगच्या गाडीत मालकाचा नोकर म्हणून बसलेला हमाल आणि मालाबरोबर चाललेला मालधनी किंवा त्याचा प्रतिनिधी, यांना कायद्याने विम्याचे संरक्षण आहे. परंतु मालगाडीत फुकट बसवून घेतलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी खटल्यात २००२ साली दिला. मग पांढऱ्या पाटीच्या गाडीत पोत्यांवर बसलेल्या मजुराचे काय? तो पोत्यांवर बसणारा मजूर बहुधा आपलाच भाऊ, आपलाच भाचा असतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. मजुराच्या जिवाला कायद्याचे कवच असावे म्हणून ते झटले. आपण गाडीचे मालक झालो आणि आपल्याच मजुराचे कवच काढून घेतले, असे होता कामा नये.

तेव्हा उपाय काय? मालासाठीच गाडी घ्यायची तर पिवळ्या पाटीची, मालवाहू पासिंगची जुनी लहान गाडी आधी पाहावी. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालगाडीला वेगळे परमिट लागत नाही. हलक्या मोटारीचे लायसन्स असलेला चालक ७,५०० किलोपर्यंतची मालगाडी वेगळ्या नोंदीशिवाय चालवू शकतो, हेही सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केले आहे. लांब गाडीच घ्यायची असेल तर ती मालवाहू म्हणून बदलून मिळेल काय, हे पैसे देण्याआधी पेणच्या आर.टी.ओ. कार्यालयात लेखी विचारावे. परवानगीशिवाय पत्रा कापून तिचा पिकअप करू नये. कर्जासाठी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाकडे चौकशी करावी. १९७८ साली स्थापन झालेले हे महामंडळ अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठीच आहे.

आता आमच्या भगिनींसाठी हिशेब. वहीत लिहून पाहावा. समजा, जाऊन-येऊन १६० किलोमीटरचे भाडे ३,५०० रुपयांना ठरले. गाडी लिटरला १२ किलोमीटर देते आणि डिझेल ९० रुपये धरले, तर डिझेलचे झाले १,२०० रुपये. घरधनी म्हणतो, २,३०० सुटले! पण टायर, ऑइल, दुरुस्ती किलोमीटरला ३ रुपये धरली तर ४८० रुपये. चालकाचे ८०० आणि हमालाचे ७००. विमा, कर, फी मिळून वर्षाला ३०,००० आणि वर्षात शंभर भाडी धरली तर भाड्यामागे ३००. बेरीज होते ३,४८०. उरले फक्त वीस रुपये! घरधनी स्वतः गाडी चालवत असेल तर ८०० घरात राहतात, पण ती त्याची मजुरी आहे, गाडीचा नफा नव्हे. शिवाय पंधरा वर्षांपुढील खासगी मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली आणि २०२५ मध्ये वीस वर्षांपुढील गाडीसाठी ती १०,००० झाली. जादा वजन सापडले तर कायद्यात २०,००० रुपये दंड आहे, वर जादा माल रस्त्यातच उतरवावा लागतो. एका दंडात सारा हंगाम जातो.

शेवटी १९२९ सालची चाळीसगावची घटना सांगतो. बाबासाहेब तेथे उतरले असता वस्तीतील लोकांनी त्यांना टांग्यातून न्यायचे ठरवले. अस्पृश्याला घेऊन टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. अखेर टांगा मिळाला, पण हाकायला आपल्यातलाच एक जण बसला. त्याला त्याची सवय नव्हती. नदीवरील मोरीवर टांगा उलटला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. लोकांचे प्रेम खरे होते, आपल्या नेत्याचा मान राखण्याची तळमळही खरी होती. परंतु मान राखताना जीव सांभाळण्याकडे दुर्लक्ष झाले, हे त्यांनी नोंदवले आहे.

आज गाडी देणार नाही म्हणणारा कोणी नाही. पैसे टाकले की चावी हातात येते. म्हणून तर जबाबदारी वाढली. गाडी जरूर घ्यावी. पण आधी मेस्त्रीकडून चेसिस तपासून घ्यावी, आर.टी.ओ.त पासिंग विचारावे, विम्याचा कागद शाळेत शिकणाऱ्या मुलाकडून किंवा मुलीकडून मोठ्याने वाचून घ्यावा आणि घरातल्या बाईने वहीत बेरीज करावी. या चार गोष्टी जमल्या तरच बयाणा द्यावा. न जमल्या तर आणखी एक हंगाम थांबावे. गाडी पुढच्या वर्षीही मिळेल.

जय भीम!