एमबीए सीईटी आता दोनदा : मे महिन्यातली दुसरी परीक्षा कोणी द्यावी? आणि वर्ष थांबायचं का?

एमबीएच्या सीईटीत ९४ पर्सेंटाइल आले, तर पेढे वाटायचे की पुन्हा अभ्यासाला बसायचं?

महाराष्ट्रात आतापर्यंत 'पुन्हा परीक्षा' म्हणजे एक वर्ष घरी, असंच समीकरण होतं. २०२६-२७च्या प्रवेशांपासून ते बदललं आहे. इंजिनिअरिंग-फार्मसीच्या सीईटीप्रमाणेच एमबीएची सीईटीही वर्षातून दोनदा घेण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२५ मध्ये जाहीर केला. पहिली परीक्षा एप्रिलमध्ये, दुसरी मे महिन्यात. दुसरी ऐच्छिक आहे आणि दोन्ही दिल्या तर ज्यात पर्सेंटाइल जास्त, तेच प्रवेशासाठी धरलं जातं.

म्हणजे आता प्रश्न दोन आहेत. मे महिन्यात पुन्हा बसायचं का? आणि तरीही मनासारखं झालं नाही, तर पुढच्या वर्षापर्यंत थांबायचं का? बहुतेक घरांमध्ये या दोन्हींची चर्चा एकत्रच होते आणि तिथेच गोंधळ होतो, कारण दोन्हींची किंमत अगदी वेगळी आहे.

मे महिन्यातली परीक्षा स्वस्त आहे. पुन्हा परीक्षा शुल्क, एक महिना आणि एक दिवस, एवढाच खर्च. मार्क कमी पडले तरी एप्रिलचं पर्सेंटाइल कुठे जात नाही. त्यामुळे एप्रिलमध्ये हवं ते कॉलेज नक्की मिळेल इतके मार्क पडलेले नसतील, तर मेची परीक्षा न देण्याचं कारण शोधावं लागेल. नोकरीतून सुट्टी मिळत नाही किंवा पदवीच्या शेवटच्या सत्राची परीक्षा त्याच दिवसांत आहे, ही खरी कारणं. 'पुन्हा तसंच होईल' ही फक्त भीती.

मात्र एका महिन्यात काय सुधारतं आणि काय नाही, हे आधी पाहायला हवं. या सीईटीत १५० मिनिटांत २०० प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम ४५ सेकंद. त्यातले ७५ प्रश्न लॉजिकल रीझनिंगचे, २५ अ‍ॅबस्ट्रॅक्टचे, ५० गणिताचे आणि ५० इंग्रजीचे. चुकीच्या उत्तराला मार्क कापले जात नाहीत. पहिल्यांदा बसणाऱ्या अनेकांचा घोळ इथेच होतो. एखाद्या कोड्यात सहा मिनिटं अडकायचं आणि शेवटचे तीस प्रश्न कोरे सोडायचे. कॅटच्या तयारीतून आलेल्यांना तर चुकीच्या उत्तराची धास्ती इतकी अंगवळणी पडलेली असते की इथेही ते प्रश्न सोडून देतात. हा दोष महिन्याभरात दुरुस्त होतो. अ‍ॅबस्ट्रॅक्टच्या आकृत्याही सरावाने सुटू लागतात. इंग्रजी वाचनाचा वेग मात्र चार आठवड्यांत वाढत नाही, आणि दहावीपासून सुटलेलं गणितही परत येत नाही.

म्हणून एप्रिलच्या पेपरमध्ये वेळ संपला की विषय अडला, हे प्रामाणिकपणे सांगता आलं, की मेकडून काय अपेक्षा ठेवायची तेही ठरतं.

पर्सेंटाइल म्हणजे मार्क नव्हेत

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. पर्सेंटाइल म्हणजे तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी मार्क शंभरातल्या किती जणांना आहेत, त्याचा आकडा. ही परीक्षा देणाऱ्यांची संख्या लाखाच्या वर असते. लाख धरले तरी एक पर्सेंटाइल म्हणजे हजार मुलं.

मधल्या पट्टीत, म्हणजे ७०-८०च्या आसपास, गर्दी दाट असते. तिथे पाच-सात मार्क वाढले की हजारो जण मागे पडतात. वर, ९९च्या पुढे, माणसं विरळ होत जातात. तिथे तेवढेच मार्क वाढूनही आकडा दशांश चिन्हाच्या पुढेच हलतो. त्यामुळे '७८वरून ८६ झाले' ही उडी दिसायला मोठी असली तरी '९९.२वरून ९९.७' त्याहून जड असू शकते.

दुसरी बाब कमी बोलली जाते. मे महिन्यात कोण बसणार? एप्रिलमध्ये ज्यांचं काम झालं ते बहुधा येणार नाहीत. पण ज्यांनी एप्रिलमध्ये सहज म्हणून पेपर दिला, तेही येणार नाहीत. उरतील ते बऱ्यापैकी तयारीचे. पर्सेंटाइल नेहमी त्या-त्या परीक्षेला बसलेल्यांच्या तुलनेत निघतं. त्यामुळे मार्क वाढूनही पर्सेंटाइल तितकं न वाढण्याची शक्यता धरूनच चालावं. वेगवेगळ्या सत्रांतली तुलना किती नाजूक असते हे २०२३ मध्ये दिसलं होतं. २५ मार्चच्या परीक्षेत तांत्रिक बिघाड झाला, काहींना जादा वेळ मिळाला, काहींची फेरपरीक्षा घ्यावी लागली आणि वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला.

मीरा-भाईंदरहून पाहिलं तर

राज्यात एमबीएच्या जागा ४० हजारांहून अधिक आहेत. म्हणजे 'कुठेतरी' प्रवेश मिळणं ही अडचण नाही. अडचण आहे ती 'कुठे' याची. आणि मीरा रोड किंवा भाईंदरला राहणाऱ्या मुलासाठी हे 'कुठे' बरंचसं पश्चिम रेल्वेच्या मार्गावर मांडता येतं. बोरिवलीला सेंट फ्रान्सिस, कांदिवलीला ठाकूर, मालाडला अथर्व. ही सगळी लोकलच्या जवळच्या अंतरावर. शेवटच्या स्टेशनवर, चर्चगेटला, जमनालाल बजाज आणि सिडनहॅम. पहिली मुंबई विद्यापीठाची, दुसरी सरकारी. खुल्या प्रवर्गातून जमनालाल बजाजला ९९.९च्याही वर लागतात आणि सिडनहॅमही त्याच्या फार खाली येत नाही.

घरी राहून शिकता येणं ही इथल्या मुलांची मोठी बचत आहे. पुण्यात वसतिगृह आणि मेस धरली तर दोन वर्षांचा हिशेब बदलतो. त्यामुळे ९४वाल्याने ९६ मिळवून नेमकं काय हाती येणार, हे आधी तपासावं. मागच्या वर्षीच्या कॅप फेऱ्यांचे कटऑफ सीईटी सेलच्या संकेतस्थळावर असतात. ९४ आणि ९६ या दोन आकड्यांच्या मध्ये हव्या असलेल्या एकाही कॉलेजचा कटऑफ येत नसेल, तर ते दोन पर्सेंटाइल फक्त मित्रांना सांगण्यापुरते.

कटऑफ पाहताना एक खोच लक्षात ठेवावी. या पट्ट्यातल्या काही संस्था भाषिक किंवा धार्मिक अल्पसंख्याक दर्जाच्या आहेत आणि तिथल्या साधारण निम्म्या जागा त्या-त्या समाजासाठी असतात. भाईंदरच्या एकाच मजल्यावरच्या दोन मुलांना, एकाची मातृभाषा हिंदी आणि दुसऱ्याची मराठी असेल तर, त्याच कॉलेजसाठी वेगवेगळे कटऑफ लागू शकतात. शेजारच्याला ८५ला मिळालं म्हणून आपल्यालाही मिळेल, हा अंदाज तिथे चुकतो.

आणि मग पैसे. कॅपमधून मिळालेली जागा आणि संस्था स्तरावरची, म्हणजे लोकांच्या भाषेत मॅनेजमेंट कोट्याची जागा, यांत फरक फक्त फीचा नाही. राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीसाठी प्रवेश कॅपमधून झालेला असावा लागतो. वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना २०२४-२५पासून मिळणारी शंभर टक्के शुल्क सवलतही कोट्याच्या जागेला लागू नाही. ज्या घरात उत्पन्न या मर्यादेत आहे, तिथे मे महिन्यात मिळालेले तीन-चार पर्सेंटाइल काही लाखांचे ठरू शकतात. खरं तर दुसऱ्या परीक्षेचा सगळ्यात मोठा फायदा ९९वाल्यांना नाही, याच मुलांना आहे.

मग वर्ष थांबायचं का?

हा निर्णय महाग आहे. एका वर्षाचा पगार जातो, क्लासची फी जाते आणि पुढच्या वर्षी स्पर्धा किती असेल हे कोणालाच ठाऊक नसतं. शिवाय आता दोन संधी झाल्यामुळे 'त्या दिवशी बरं वाटत नव्हतं' हे कारण अर्धं बाद झालं आहे. एप्रिल आणि मे, दोन्ही पेपर नीट जाऊन ८८-८९ आले असतील, तर तो अपघात नव्हे, ती सध्याची पातळी आहे. ती बदलायला अभ्यासाची पद्धत बदलावी लागेल, नुसतं वर्ष देऊन भागणार नाही.

थांबणं शहाणपणाचं ठरतं ते बहुधा नोकरी करत थांबणाऱ्यांसाठी. कॅपची गुणवत्ता यादी परीक्षेच्या आकड्यावर लागते, तिथे अनुभवाला वेगळे मार्क नाहीत. पण कॅट किंवा झॅटमधून प्रवेश देणाऱ्या अनेक संस्था मुलाखतीत अनुभव पाहतात आणि एमबीएनंतर कॅम्पसला येणाऱ्या कंपन्याही विचारतात. कॅट वर्षातून एकदाच, नोव्हेंबरच्या अखेरीस असते. एनमॅट मात्र एकाच हंगामात तीनदा देता येते. म्हणजे जूनपासून नोकरी, नोव्हेंबरला कॅट, मध्ये एनमॅट, एप्रिलला पुन्हा सीईटी, असं वर्ष आखलं तर ते रिकामं राहत नाही. अंधेरीला नोकरी आणि भाईंदरला घर असेल, तर रोजचे दोन तास लोकलमध्ये जातात, हेही त्या वेळापत्रकात धरावं लागतं. उभ्याने अ‍ॅबस्ट्रॅक्टच्या आकृत्या सुटत नाहीत.

घरी बसून, फक्त क्लास लावून थांबायचं असेल, तर कॅपची पहिली फेरी होऊ द्यावी. त्या फेरीत काय मिळालं हे पाहिल्याशिवाय वर्ष सोडण्याचा निर्णय घेण्याची घाई कोणीच करत नाही, फक्त क्लासवाले करतात. त्यांच्या पुढच्या बॅचची नोंदणी बऱ्याचदा निकालाच्या आठवड्यातच सुरू झालेली असते.